ठेल्यावरची बी.एड.

तिच्या हातात तुम्ही काहीही द्या, लग्नाची पत्रिका, छत्री, शेजारणीचं तान्हं बाळ, ती ते आधी तळहातावर घेऊन दोनदा वरखाली करायची. मग डोळे बारीक करून निकाल द्यायची. "हां, भरते." नाहीतर, "भरत नाई." बाळाच्या बाबतीतही हेच. त्या बाळाची आई पुढे कितीतरी दिवस तिच्याशी बोलत नव्हती.

दोष तिचा नव्हता. नालवाडीत माझं झेरॉक्सचं दुकान होतं आणि त्याला लागून तिच्या बाबांचं किराण्याचं. ही पोर गल्ल्यामागेच वाढली. चालायच्या आधी तोलायला शिकली, असं तिचे बाबा सांगायचे आणि मी त्यात दरवेळी थोडी भर घालायचो.

त्या काळात आमच्याकडे खाजगी बी.एड. कॉलेजं निघाली होती. बी.एड. झालं की नोकरी, नोकरी झाली की पगार, असा सरळ हिशोब घरोघरी चालायचा. त्यात एकच आकडा मधे बसायचा, तो म्हणजे कॉलेजचं डोनेशन. तिच्या आईच्या साडेपाच तोळ्यांच्या पाटल्या होत्या. आई गेल्यावर बाबांनी त्या लेकीच्या लग्नासाठी जपून ठेवल्या होत्या. लेकीनं त्या मागितल्या.

भिंत पातळ होती. सगळं मला ऐकू येत होतं, आणि जे येत नव्हतं त्यासाठी मी झेरॉक्सचं मशीन बंद केलं होतं.

"अन् लग्नात काय घालशील?" बाबा म्हणाले.

"बाबा, फुकटात लग्न करणारा एखादा भेटून जाईन. फुकट कॉलेज नाई भेटत."

"मायची निशाणी हाये ते, पोरी."

"म्हणून तं उधार मागून राह्यली. पाटल्या होत्या तशा आणून देईन. तेवढ्याच वजनाच्या."

दुकानात 'उधारी बंद' अशी पाटी ठळक अक्षरांत लावलेली होती. घरात त्या दिवशी उधारी सुरू झाली.

डिग्री घेऊन ती पहिल्यांदा माझ्याकडेच आली, लॅमिनेशनला. मी कडा नीट कापून दिल्या. तिनं डिग्री तळहातावर घेतली, वरखाली केली आणि बाबांच्या दुकानात शिरली. मी कात्री हातात घेऊनच मागे. तिनं एका पारड्यात डिग्री ठेवली आणि दुसऱ्यात पन्नास ग्रॅमचं वजन. वजनाचं पारडं खाली बसलं ते हललंच नाही.

"पाटल्या पन्नासाच्या वर होत्या," ती म्हणाली. "हे पन्नासबी भरत नाई. अन् त्यातबी अर्धं या झेरॉक्सवाल्या भाऊचं प्लास्टिक."

बाबा हसले नाहीत. ती मात्र खूप हसली. मीही हसलो, कारण प्लास्टिकचे पैसे अजून यायचे होते.

मंडळी, तुमच्याही गावात अशी एखादी शाळा असेल. अनुदान नाही, पगार नाही, पण अध्यक्ष आहेत. तशा एका शाळेत ती गणिताला लागली. दर जूनमध्ये अध्यक्ष सांगायचे, "ग्रँट आलीच समजा, बाई." तोवर लुनाच्या पेट्रोलपुरते पैसे. ते शिकवण्याचे नव्हेत बरं का. मे महिन्याच्या उन्हात खेडोपाडी फिरून मुलं गोळा करायची, म्हणजे वर्ग भरायचा, त्यासाठीचे ते. ती फिरायची. एखाद्या मुलीचा बाप म्हणाला, "पाठवतो, पण तिले गणित येत नाई," तर ही म्हणायची, "मले येते नं. तिले येईन." वर्षांमागून वर्षं गेली. तिच्याबरोबर लागलेले काही जण कंटाळून विमा विकायला लागले. ती हलली नाही. मी एकदा विचारलं, काऊन थांबली बा तू? म्हणाली, "उधारी हाये. गिऱ्हाईक पळते, दुकानदार पळत नाई."

आणि एका वर्षी ग्रँट खरंच आली.

अध्यक्षांनी तिला घरी बोलावलं, चहा पाजला आणि तीन लाख मागितले. त्याला बांधकाम निधी म्हणतात.

"नववीच्या वर्गाचं छत गळते. ते बांधता का?" तिनं विचारलं.

"ते पुढे पाहू."

"मंग मीबी पुढे पाहीन."

अडचण अशी होती की सरकारची मान्यता तिच्या नावानं आली होती. तिनं स्वतः राजीनामा दिल्याशिवाय अध्यक्षांना त्यांची भाची त्या जागी बसवता येत नव्हती. ही पैसे देईना, राजीनामाही देईना. मग त्यांनी तिचे तास काढून घेतले, हजेरीपट दडवला, शेवटी खुर्चीही उचलून नेली. उभ्या बाईनं विचारलं, "मी बसू कुठं?"

"बाहेर रस्त्यावर बसा," अध्यक्ष म्हणाले.

चूक झाली ती इथे. दुसऱ्या कुठल्या मास्तरणीला हे बोलले असते तर ती रडत घरी गेली असती. दुकानदाराच्या लेकीला रस्ता म्हणजे मोक्याची जागा.

दुसऱ्या दिवशी अकराच्या घंटेला शाळेच्या फाटकासमोर जांबाचा ठेला लागला. जांब म्हणजे तुमच्याकडचे पेरू. इस्त्रीची साडी, खांद्यावर पर्स, हातात तराजू, आणि तराजूच्या वरच्या कडीला सुतळीनं बांधलेली लॅमिनेशनची डिग्री. तो तराजू बाबांचा, दुकानातला. तिनं मागितला नव्हता. ठेला निघताना बाबांनीच आणून ठेवला आणि म्हणाले, "पारडं पुसत जाय. जांबाचं पाणी लागते त्याले." बस, एवढंच. माझ्या आयुष्यात मी इतका मोठा आशीर्वाद दुसरा ऐकला नाही.

मी दुकानाला कुलूप लावून पाहायला गेलो होतो, हे वेगळं सांगायला नको.

मधल्या सुटीत सारी शाळा ठेल्यावर. "पाव किलोचे तीन रुपये, तं साडेसातशे ग्रॅमचे किती?" बरोबर उत्तराला एक जांब वर. दहावीची मुलं जांब खात खात बीजगणिताची वही पुढे करायची आणि सुटी संपली तरी हलायची नाहीत. त्यांना बोलवायला शिपाई यायचा. तोही मीठ लावून एक खायचा आणि उभा राहायचा.

शेवटी अध्यक्ष स्वतः आले. जीप थेट ठेल्याला लावली.

"बाई, शाळेच्या इज्जतीचा तरी विचार करा."

"करून राह्यली. अर्धा किलो देऊ?"

"ही डिग्री काढा अगोदर तिथून."

"काऊन? तुमच्या भाचीची आणा, दुसऱ्या बाजूनं बांधू. तराजू बराबर राहीन."

शिपाई तोंड फिरवून खोकत होता. अध्यक्ष जीपमध्ये बसले, पण जीप सुरू होईना. दहावीच्या मुलांनी धक्का दिला. बाई ओरडली, "हळू रे, गुरुजनांची गाडी हाये."

जांब संपले, बोरं आली. बोरं संपत आली तोवर दहावीची सहामाही गणितानं खाल्ली होती; आत शिकवायला कोणी नाही, अर्धा वर्ग नापास. मे महिन्यात जिच्याकडून शब्द घेऊन पोरी शाळेत घातल्या, ती बाई रस्त्यावर तोलते आहे, हे आईबापांच्या डोळ्यांत खुपायला लागलं होतंच. एका सोमवारी ते ट्रॅक्टर भरून आले. भाषण कोणी केलं नाही. एक म्हातारा एवढंच म्हणाला, "साहेब, मास्तरीण आत घ्या, नाईतं पोरं बाहेर देऊन टाका. आमी ठेल्यापाशी सतरंजी टाकतो." पोरं बाहेर गेली की वर्ग रिकामा, आणि वर्ग रिकामा की ग्रँट परत. अध्यक्ष हिशोबाला कच्चे नव्हते. खुर्ची परत आली. तीन लाखांचं नाव कोणी काढलं नाही.

ती लगेच आत गेली नाही. समोर एक गिऱ्हाईक होतं. त्याची बोरं तोलून, पुडी बांधून, सुटे पैसे देऊन मगच गेली.

आता तुम्ही विचाराल, बी.एड. परवडली का? दर जूनमध्ये प्रवेशाचे फॉर्म झेरॉक्स करायला मुली माझ्याकडे यायच्या आणि मी भिंतीवर थाप मारून तिला बोलवायचो. ती आधी विचारायची, "घरचं काय विकून राह्यले?" मग डिग्रीनंतरही नोकरीसाठी पैसे मागणाऱ्या शाळांची नावं, अध्यक्षांसकट, मोठ्यानं सांगायची. कोणाला कर म्हणाली नाही, नको करू म्हणाली नाही. स्वतःचं मात्र सांगायची. "सोनं इतकं चढलं भाऊ, की मी पगार घेऊन सराफाच्या दुकानापर्यंत पोचेपर्यंत पाटली एक हात पुढं पळते."

अध्यक्ष विसरले नव्हते. काही वर्षांनी त्यांनी संस्थेच्या दुसऱ्या शाळेत तिची बदली केली, पार जिल्ह्याच्या टोकाला, संत्र्यांच्या बागांतल्या तळेगावला. शिक्षा म्हणून. ती म्हणाली, "तिथं संत्रा चांगला भेटते."

मी आणि बाबा स्टँडवर पोचवायला गेलो. आदल्या दिवशी तिनं बाबांसमोर एक पाटली ठेवली होती. एकच. बाबांनी ती तोलली नाही, उचलून तिच्या हातात चढवली. "दुसरी बाकी हाये, बाबा," ती म्हणाली. "असू दे," बाबा म्हणाले, "त्या निमित्तानं येत जाशील."

तराजूही बाबांनीच दिला. बस निघाली तेव्हा तो तिच्या मांडीवर होता, आणि पाटलीच्या हातानं तिनं तो घट्ट धरला होता. दुसरा, रिकामा हात खिडकीबाहेर आला. मला वाटलं निरोप देते आहे, म्हणून मीही हात हलवला.

ती हात हलवत नव्हती. उताणा तळहात आमच्या दिशेनं धरून दोनदा वरखाली करत होती. डोळे बारीक केलेले. बस वळली, त्यामुळे आम्ही भरलो की नाही ते काही ऐकू आलं नाही.