ढिली केबल

सुभानपुऱ्यातला आमचा गुजराती कॉम्प्युटर दुरुस्तीवाला फक्त माझ्या नवऱ्याशी बोलायचा. मी काही विचारलं तरी उत्तर त्यांनाच द्यायचा, ‘थई जशे, साहेब,’ होऊन जाईल. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना परदेशातल्या नातीची सीडी टीव्हीवर पाहायची होती. पण कॉम्प्युटर टीव्हीला जोडला की चित्र काळंपांढरं यायचं. तिसऱ्या फेरीला तो म्हणाला, ‘साहेब, ग्राफिक्स कार्ड गयुं.’

मी म्हणाले, ‘कार्डाचं सेटिंग अमेरिकन टीव्हीचं आहे, म्हणून आपल्या टीव्हीवर रंग येत नाही. पुस्तिकेत लिहिलंय.’

‘बेन, तमे चा मूको ने,’ त्याने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

मी माउस ओढून घेतला आणि सेटिंग बदललं. नातीचा फ्रॉक लाल झाला.

त्याने घाईने केबल दाबली. ‘जोयुं, साहेब? केबल ढीली हती.’

‘हुशार आहात,’ हे त्याला म्हणाले.

मी सेटिंग पुन्हा पहिल्यासारखं केलं. चित्रातला रंग गेला.

‘आता दाबा केबल,’ मी म्हणाले.