मांडीवर घेतलेला राक्षस

मुरबाडकडच्या गावांत श्रावणात पोथी लागते. एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. धर्मग्रंथांतल्या हिंसेविरुद्धची आमची पत्रकं वाटायला मी अशाच एका देवळात गेलो होतो. नरसिंहाने हिरण्यकशिपूचं पोट फाडलं आणि देऊळभर जयजयकार झाला. एक म्हातारी तेवढी गप्प राहिली.

मला वाटलं, ही आपली. बाहेर पायरीवर गाठून विचारलं, "आजी, मुलादेखत बापाला फाडणारा देव कसला हो प्रेमळ?"

"वाईटच केला त्यानं," ती गुडघे चोळत म्हणाली. "पण मांडीवर तरी घेतला ना रे? माझ्या पोराला चोर म्हणून रस्त्यात मारला. होताच तो चोर. पण मरताना त्याला कोणाची मांडी नाय मिळाली. माझी पण नाय."

"मारणारे कुठे आहेत?"

"आत. मघाशी जय बोलले ते."

मी भडकलो. "आणि तुम्ही इथंच येता पोथीला?"

"मग काय करू? देवाला त्यांच्यात एकटा सोडू?"

तो देव मला आजही मान्य नाही. पण पत्रकात 'भाविक' हा शब्द रागाने लिहिताना आता माझा हात अडखळतो.