पायरीखालची बाई

"बाई, तुम्ही पायरीच्या खालीच उभ्या राहा. तिथून शिकवा. आवाज पोचेल."

हेडमास्तर सगळ्या मुलांसमोर बोलले. तेही मऊ आवाजात, चहा घेता का विचारावं तसं.

माझ्या नोकरीचा पहिला दिवस. पनवेलहून चालत गाठायचं, खाडीकडचं गाव. शाळेला इमारत नव्हती. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात वर्ग भरायचे. मी ट्रेनिंग पास झालेली, स्कूल बोर्डाने नेमलेली मास्तरीण. पण महाराची.

मुलं आत सावलीत. फळा आत. मी बाहेर, उन्हात. मी ओरडून अक्षर सांगायची, आत चौथीतला एक मुलगा ते फळ्यावर काढायचा. चुकला की मी बाहेरून हातवारे करायची. मुलं हसायची. त्याला नाही, मला. खडू माझ्या हातात कधी आलाच नाही. घसा सुकला तरी आतल्या माठाकडे बघायचं नाही.

सोडून कुठे जाणार? घरी आजारी आई, धाकटे भाऊ. चूल माझ्या पगारावर. बदली मागितली तर हेडमास्तर म्हणायचे, "इथे काय वाईट आहे? कोणी तुम्हाला टाकून बोलतं का?"

नव्हतं बोलत कोणी. मग भांडायचं कोणाशी? मी रोज यायची, उभी राहायची.

एका सकाळी महारवाड्यातली एक पोरगी शाळेत आली. सहा-सात वर्षांची. केसांना चोपडून तेल, हातात नवी पाटी. ती सरळ माझ्या पायाशी येऊन मातीत बसली.

"इथं का बसलीस गं?"

"आय म्हनली, बाई पन भाईरच उभी ऱ्हाते. तू पन भाईरच बस."

तिला कोणी अडवलंच नव्हतं. तिला बाहेर बसवलं होतं ते माझ्या उभं राहण्यानं. तिच्या मागून येणाऱ्या पोरींनाही मीच बसवणार होते.

मी तिचा हात धरला. पायरी चढले. आत गेले.

चौथीतला मुलगा घाबरून मागे सरला. "बाई, तुमी आत नका येव!"

मी त्याच्या हातातून खडू घेतला. फळ्यावर 'अ' काढला. घाईत अक्षर वाकडं आलं. पोरगी तेच वाकडं अक्षर पाटीवर गिरवायला लागली.

तासाभरात गावातले बाप्ये जमले. मुलांना हाकलून देऊळ धुवायला काढलं. पोरीची पाटी कोणीतरी अंगणात भिरकावली. फुटली.

संध्याकाळी आईने माझे पाय धरले. माझ्या आईने, माझे. "बाय, माफी माग. नोकरी गेली तर खानार काय?"

मी तिला उठवून बसवलं.

दुसऱ्या दिवशी सभामंडपाला कुलूप. हेडमास्तर दारातच उभे.

"मुलांसमोर एवढंच म्हणा, चूक झाली. लगेच कुलूप काढतो."

"चूक झालेली नाही."

"मग शाळा बंद राहील. पाप तुमच्या माथी."

"राहू द्या बंद."

मी वळले आणि बोर्डाच्या कचेरीत तक्रार करायला पनवेलच्या रस्त्याला लागले. तिथेही त्यांचीच माणसं बसलेली असतात, हे मला ठाऊक होतं. मला काढतील, लांब कुठेतरी फेकतील. फेकू देत. जिथे फेकतील तिथे मी आत जाऊन शिकवीन.