बाळकृष्ण पाण्यात होता तेव्हा

लेकीचं लग्न मोडावं म्हणून मी एकदा देव पाण्यात घातले होते. लोक घालतात ते लग्न जमावं म्हणून, आजारी माणूस उठून बसावा म्हणून. मी घातले ते मोडावं म्हणून. मुलगा अमेरिकेतला, शिकलेला, निर्व्यसनी आणि काळा. सावळा नव्हे, काळा. पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेले. लेकीने फोटो पाठवला, फोनवर हे सगळं समजावून सांगितलं आणि मी विचारलं काय, तर, "फोटो काढताना उजेड कमी होता का गं?"

तेव्हाची ती बाई आठवली की हसावं की तिच्या पाठीत धपाटा घालावा, कळत नाही. पन्नाशीला टेकलेली, डोंबिवलीच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारी! राष्ट्रपती कोण होऊ शकतो, तर देशाचा कोणीही नागरिक. जात नाही, धर्म नाही, बाई-पुरुष नाही. "म्हणजे तुमच्यातली कोणीही हं, मुलींनो," असं दरवर्षी सांगायची आणि घरी येऊन स्टीलच्या पातेल्यात बाळकृष्ण बुडवायची. बरं, स्वतः तरी कुठे केतकी रंगाची लागून गेली होती? मला बघायला पाहुणे यायचे तेव्हा आई मला खिडकीपासून लांब, कपाटाच्या आडोशाला बसवायची. अंधारात सावळी मुलगी उजळ कशी दिसणार होती, ते आईलाच ठाऊक.

लग्न झालंच. तिकडे, आमच्याविना. आता मागणं पुरं झाल्याशिवाय देव काढायचे नसतात, आणि मी तर हट्टी. पाणी बदलायची, पण पातेलं देवघरातून हलवायची नाही. बाळकृष्णाच्या पितळी ढोपरांवर हिरवट थर चढायला लागला.

हे म्हणायचे, "अगं, सर्दी होईल त्याला."

"होऊ दे. ऐकत नाही म्हणजे काय!"

मग एक दिवस लेकीचा फोन आला. दिवस गेले होते. मी ह्यांना सांगितलं. त्यांनी पेपर घडी करून ठेवला, देवघरात गेले, बाही वर केली आणि एकेक देव काढून पंच्याने पुसायला लागले. मी आडवी आले. ते वर न बघता म्हणाले, "लग्नाचं ऐकलं नाही त्यांनी. आता ते 'मोडावं' उशिरा ऐकलं तर?"

मूल वेळेआधीच जन्मलं. मुलगी. फोटो आला, त्यात ती काचेच्या पेटीत होती. नाकात नळी, एक गुडघा पोटाशी, एक हात पुढे, जशी रांगायला निघालीय. मी तो फोटो कपाटात साड्यांखाली पालथा घातला. ती वाचली, वाढली, शाळेत जायला लागली, पण फोनवर ती नुसती खोकली तरी मला स्वयंपाकघरात पाणी हलल्याचा आवाज यायचा. उठून बघायची. नळ बंद, पातेली कोरडी. हे गेल्यावर तर तो आवाज ऐकणारी घरात मी एकटीच उरले.

अमेरिकेची मागची निवडणूक आली तेव्हा ही नात माझ्याकडे राहत होती. एकोणीस वर्षांची. ठाण्यात माजिवड्याला एका ऑफिसात काहीतरी शिकायला जायची आणि संध्याकाळी येऊन माझ्या मांडीवर डोकं टाकायची; केस असे दाट की माझी बोटं त्यात हरवायची. पहिलंच मत तिने टपालाने पाठवलं होतं. देशाच्या सगळ्यात वरच्या खुर्चीसाठी एक बाई उभी होती, आणि त्या बाईचे आईबाप हिच्या आईबापांसारखेच दोन रंगांचे.

"आजी, मम्मा म्हणते तू देव पाण्यात ठेवतेस. हिच्यासाठी ठेव ना."

"आपल्या देवांना तिकडे मत नाही गं."

"मला आहे. मी सांगते त्यांना."

मी नको म्हणाले. का नको, ते नाही सांगितलं. तिने हसत भांडं भरलं आणि बाळकृष्ण आत सोडला. एक बुडबुडा वर आला. हिला कधी कळलं, तर ही या घराची पायरी पुन्हा चढेल का, एवढंच मला सुचलं.

निकालाच्या सकाळी टीव्हीसमोर आम्ही दोघी, दिवाळीच्या मऊ पडलेल्या चकल्या आणि शेजारच्या वहिनी. खिडकीतून केमिकलच्या कारखान्यांचा नेहमीचा उग्र वास येत होता. वहिनी खुशीत. "आपल्याकडे बाई पंतप्रधान कधीच होऊन गेली. आता आदिवासी बाई राष्ट्रपती आहे. यांचंच मेलं अजून अडलंय!" मग माझ्याकडे वळून हळूच, "हिचं नाक मात्र आईवर गेलंय हो, बरं झालं."

"काकू, नाक बाबांचं आहे," नात टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. वहिनींना गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं.

पडद्यावर मत देऊन आलेली एक म्हातारी बोलत होती. माझ्याच वयाची, नीटनेटकी, गळ्यात मोत्यांची माळ. नातीने मला तिचं बोलणं सांगितलं. "ती म्हणतेय, त्या बाईबद्दल तिच्या मनात काही वाईट नाही. पण त्या खुर्चीत ती डोळ्यांसमोर येत नाही."

मी त्या म्हातारीला लगेच ओळखलं. नागरिकशास्त्र शिकवत असणार. तोंडावर तेच सोज्वळ हसू, जे मी लेकीच्या लग्नाची बातमी विचारणाऱ्यांना दाखवत होते. अशा किती जणी आपापल्या घरात, आपापल्या देवाला तेच सांगून, हात पुसत मताला निघाल्या असतील.

दुपारपर्यंत काय ते कळलं. नातीने टीव्ही बंद केला आणि देवघरासमोर जाऊन उकिडवी बसली.

"आता गं? जिंकली नाही तर कधी काढायचे?"

थाप मारायला तोंड उघडलं होतं. थापा मला छान जमतात. पण बाळकृष्ण पाण्यातून बघत होता, आणि ती त्याच्याकडे बघत होती, आणि दोघांची ढोपरं सारखी दुमडलेली. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. फोटोतल्या उजेडाचं, पातेल्याचं, फोन आला त्या दिवसाचं, काचेच्या पेटीचं. तिने रागवावं, रडावं, बॅग भरावी, अशी मी वाट बघत होते. ती भांड्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं:

"देव आजोबांनी काढले. पण तू जे मागितलं होतंस, ते कॅन्सल केलंस का कधी, आजी?"