गव्हर्नरसाहेबांची तपकिरीची डबी

ब्रिस्टलच्या बाहेर एका गव्हर्नरची हवेली आहे. हा माणूस मूळचा कापडाचा व्यापारी. आपल्याकडे आला तागे विकायला आणि बघता बघता गव्हर्नर होऊन आपल्यालाच हुकूम सोडायला लागला. रिटायर झाल्यावर मी तिथे व्हॉलंटियर होते. दिवाणखान्यात उभं राहायचं, लोकांना माहिती सांगायची, एवढंच काम.

तिथे काचेच्या कपाटात चांदीचा कुंकवाचा करंडा होता. मेणाचा खण वेगळा, कुंकवाचा वेगळा, कडेला अजून लाल डाग. आणि पाटी काय? ‘गव्हर्नरसाहेबांची तपकिरीची डबी. स्थानिक स्त्रियांनी कृतज्ञतेने दिलेली भेट.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, कुठली सवाष्ण आपला करंडा परपुरुषाच्या हातात देईल? ओरबाडूनच घेतला असणार मेल्यानं!

मॅनेजरबाईला दोनदा सांगितलं. ती म्हणे, “डिअर, तुम्ही स्क्रिप्ट वाचा.” तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर म्हणाली, “आजीबाईच्या आठवणी म्हणजे इतिहास नव्हे.” आणि मला येणाऱ्यांचे कोट सांभाळायला बसवलं.

बसले. पण चैत्रातलं आमच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू त्याच हवेलीच्या टी-रूममध्ये ठेवलं. तीसेक जणी नटूनथटून आल्या. चहा झाल्यावर सगळ्यांना दिवाणखान्यात नेलं, मॅनेजरबाईला बोलावलं, आणि एकेकीनं विचारायला सुरुवात केली.

“ही तपकीर लाल कशी हो?”

“आणि हे मेण? नाकात घालायचे का साहेब?”

“मग कपाळाला काय लावायचे?”

दोघीतिघींनी पर्समधून आपापले करंडे काढून कपाटाच्या काचेला लावले. हुबेहूब! बाकीचे व्हिजिटर फोटो काढायला लागले. मी मॅनेजरबाईच्या समोर उभी राहून अगदी गोड हसले. खोटं कशाला सांगू, पुरणपोळीनंसुद्धा एवढं समाधान होत नाही.

आठवड्यात पाटी बदलली. ‘कुंकवाचा करंडा. कसा मिळाला, ठाऊक नाही.’ आणि मला ईमेल, यापुढे येऊ नये.

लेक म्हणाली, “आई, जिंकलीस ना, आता सोड.”

“ठाऊक नाही म्हणे! ‘हिसकावलेला’ लिहायला हात झडतात का त्यांचे?”

पुढच्या चैत्रासाठी टी-रूम लेकीच्या नावानं बुक केलीय. या खेपेला बर्मिंगहॅमच्या बायकाही येतायत, अख्खी बस भरून.