डेल्मर झास्ट्रोची एकतीस पाकिटं

मंगळवारी सकाळी गावच्या टपाल कचेरीत, मार्गावर निघण्याआधी पत्रं लावता लावता, डेल्मर झास्ट्रोच्या हातात स्वतःच्याच नावाची नऊ पाकिटं आली. ती कसली आहेत हे कळायला त्याला फोडावी लागली नाहीत. लांबट, पांढरी, डाव्या कोपऱ्यात वकिलाचं नाव आणि पत्त्याच्या वर लाल अक्षरांत 'जाहिरात'. सव्वीस वर्षं तो असली पाकिटं दुसऱ्यांच्या पेट्यांत टाकत आला होता.

आमच्या विस्कॉन्सिनात पिऊन गाडी चालवताना कुणाला धरलं, की चार दिवसांत त्याच्यावर वकिलांच्या पत्रांची झोड उठते. अटकेची यादी कोर्टाच्या कचेरीत कुणीही मागावी आणि घ्यावी, आणि वकील मंडळी ती सकाळच्या कॉफीबरोबर वाचतात. वर्तमानपत्रात नाव छापून यायला पंधरवडा लागतो, टपालवाल्याला मात्र आधीच कळलेलं असतं. डेल्मरच्या मार्गावर चारशे बारा पेट्या. कुणाचा मुलगा, कुठल्या चर्चचा कारभारी, शाळेतली कुठली बाई, सगळं त्याला ठाऊक. पण पठ्ठ्याने कधी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही, बायकोलासुद्धा नाही. टपालवाला पत्ता वाचतो, पुढचं त्याला दिसत नाही, असं तो म्हणायचा आणि तसंच वागायचा.

एकदाच काय ते त्याने थोडं इकडचं तिकडे केलं होतं. नऊ वर्षांपूर्वी आर्डेल प्रीबिलबाईंना सव्वीस पाकिटं आली होती. पेटी उघडायला रोज त्यांचा नवरा एमिल यायचा, आणि एमिलचा राग सगळ्या पंचक्रोशीला माहीत होता. जानेवारीचा महिना होता. डेल्मरने बियाण्यांच्या सूचीपत्रात ती पाकिटं घातली आणि वरून रबर लावलं. फुलझाडांचं सूचीपत्र एमिल काही उघडायचा नाही, तसंच बायकोपुढे सरकवायचा. त्या दिवशी डेल्मर घरी येऊन न जेवता झोपला, आणि ते प्रकरण त्याने कायमचं पोटात ठेवलं.

आता पाळी त्याची होती. गेल्या शुक्रवारी बायको नदीन बहिणीकडे गेलेली, म्हणून हा ऑर्व क्यूलच्या जेवणघरात मासे खायला गेला. शुक्रवारी मासे आमच्याकडे सगळेच खातात, आणि माशांआधी गोड ब्रँडी सगळेच घेतात. साडेसहाला तो घरी निघाला. गाडीचा मागचा एक दिवा गेलेला होता. शेरीफच्या माणसाने थांबवलं आणि विचारलं, तेव्हा डेल्मर म्हणाला, दोन घेतल्या. यंत्रात फुंकर मारायला लावली, आकडा आला शून्य पूर्णांक अकरा शतांश, मर्यादा आठ शतांशांची. मग त्याच्या हातात एक कागद ठेवला. दहा दिवसांत सुनावणी मागा, नाहीतर तिसाव्या दिवशी परवाना गेलाच म्हणून समजा. परवाना गेला की मार्ग गेला. टपालाची पेटी चालत जाऊन कुणी भरत नाही, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी डेल्मरला दुसरं काही येत नव्हतं.

ठाण्यावरून त्याला आणायला ऑर्वच आला. "तोंड काय पाडतोस मेल्यासारखं?" ऑर्व म्हणाला. "पहिलीच वेळ ना? आपल्या राज्यात पहिल्या वेळेला गुन्हा नसतो. तिकीट असतं नुसतं, वेगाच्या तिकिटासारखं."

"मग वकील कशाला लागतो?"

"लागतो. वकिलाशिवाय गेलास तर मेलास."

"अरे, पण तिकीटच आहे म्हणालास ना?"

"तिकीटच आहे. पण वकील कर," असं म्हणून ऑर्वने रेडिओ लावला. डेल्मरच्या डोक्याचा भुगा व्हायला तिथूनच सुरुवात झाली.

नदीन रविवारी परत आली. तिला त्याने काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता मंगळवार उजाडला आणि ती नऊ पाकिटं आली. इथे त्याची एक रीत सांगायला हवी. स्वतःच्या घरचं टपालही डेल्मर कधी हातात घेऊन घरी जायचा नाही. विजेचं बिल असलं तरी ते मार्गावरून फिरून यायचं, घरासमोरच्या पेटीत पडायचं, आणि साडेअकराला नदीन बर्फातून पाय ओढत येऊन ते घेऊन जायची. तिचा गुडघा दुखायचा, तरी ती जायची, कारण रीत ती रीत. तर त्या मंगळवारी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने टपाल अडवलं. पाकिटं सीटखाली सारली. बुधवारी चौदा आली, गुरुवारी आठ. संध्याकाळी नदीन विचारायची, "टपालात काही विशेष?" आणि हा म्हणायचा, "छे, बिल होतं ना ते."

दुपारच्या सुट्टीत कब्रस्तानाच्या कुंपणाशी गाडी लावून तो पाकिटांवरचे नंबर बघून वकिलांना फोन करायचा. पहिला टकर हॉल्म नावाचा, तरुण, बोलणं घाईचं. "मिस्टर झास्ट्रो, यंत्राची तपासणी शेवटची कधी झाली ते आपण बघू. दिव्याचं निमित्त करून तुम्हाला अडवलं, ते कायद्यात बसतं का तेही बघू. आणि एक लक्षात ठेवा, किती प्यायलात ते मला सांगू नका. कुणालाच सांगू नका."

दुसरी रीटा वॅन एसन. ती म्हणाली, "यंत्राचं खूळ डोक्यातून काढा. मुकाट्याने कबूल करा आणि कामापुरता परवाना मागा." टपालाचं काम त्या परवान्यात बसतं का, असं त्याने विचारलं. "बसतं बहुतेक," बाई म्हणाल्या. "विचारून सांगते." तिसऱ्याच्या कचेरीतल्या मुलीने तुम्हाला चांदीची योजना हवी की सोन्याची, असं विचारलं. डेल्मरने फोन ठेवून दिला.

लढलं तर सगळं राहील किंवा सगळं जाईल. कबूल केलं तर थोडं जाईल, पण तेही बहुतेक. आणि ज्याला त्याला यंत्र, दिवा, कलमं. आपण पिऊन गाडी चालवली की नाही, हे त्याच्याशी कुणी बोलायलाच तयार नव्हतं. कधीकधी त्यालाही वाटायला लागायचं, की आपण नव्हतोच प्यायलो, यंत्रच प्यायलं होतं. मग सीटखालची पाकिटं बुटाला लागायची. हॉल्मला हो म्हणावं तर वॅन एसनबाई खरी वाटायची, तिला हो म्हणावं तर हॉल्म. सोमवारी दहावा दिवस होता.

शुक्रवारी सकाळी त्याने एक गोष्ट केली, ती का केली ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्या दिवशी बियाण्यांची सूचीपत्रं आली होती. नदीनच्या सूचीपत्रात त्याने एकतीस पाकिटं घातली आणि वरून रबर लावलं. हात आपोआप चालले. नदीन तर सूचीपत्र पेटीपाशीच उघडायची, एमिलसारखी नव्हे, म्हणजे लपवायला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तरी त्याने ते बाजूच्या सीटवर ठेवलं आणि निघाला.

प्रीबिलबाईंच्या पेटीशी त्या स्वतः उभ्या होत्या, एमिलचा जुना कोट घालून बर्फ उपसत. एमिल जाऊन चार वर्षं झाली होती. बाई अठ्ठ्याहत्तरच्या, पण फावडं कुणाच्या हातात देतील तर शपथ. डेल्मरने काच खाली केली आणि टपाल द्यायच्या आधीच बोलून बसला.

"आर्डेलबाई, एक विचारू का? माझ्या एका नातेवाइकाला वकील हवाय."

"कुठल्या?"

"लांबचा आहे."

"तुझे लांबचे नातेवाईक मला माहीत आहेत, डेल्मर. पितात सगळे, पण वकील करायची ऐपत एकाचीही नाही." बाईंनी फावडं बर्फात रोवलं. "किती आली?"

तो स्टिअरिंगकडे बघत राहिला. "एकतीस," म्हणाला.

"मला सव्वीस आली होती."

"मला कसं ठाऊक असणार? मी आपला पत्ता तेवढा बघतो."

"खोटं बोलू नकोस, थंडी आहे. ते रबर तूच लावलंस." बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "नऊ वर्षं मी वाट बघतेय, तू काही बोलशील म्हणून. चांगला माणूस आहेस तू, पण भिंतीशी बोलावं तसं आहे तुझ्याशी."

"वकील कोण केला होतात?" डेल्मरने विचारलं. त्याला तेवढंच हवं होतं.

"थोरला हॉल्म. पट्टीचा माणूस. यंत्रात खोट काढली, खटला रद्द. परवाना गेला नाही, पेपरात नाव नाही."

"मग मुलाकडेच जाऊ का मी?"

"ते मला काय विचारतोस? मुलगा कसा आहे मला माहीत नाही, आणि बाप मेला." बाईंनी एमिलच्या कोटावरचं बर्फ झटकलं. "एमिलला शेवटपर्यंत कळलं नाही. पाच वर्षं रोज रात्री त्याच्यासमोर जेवायला बसले आणि म्हणायचे, आज सांगते. खटला रद्द झाला ना, मग सांगायला निमित्तच उरलं नाही. आणि मग तो गेला."

"म्हणजे मी चुकलो?"

"मला नाही माहीत. त्या दिवशी वाटलं होतं, रस्त्यात येऊन तुला मिठी मारावी. आता एखाद्या दिवशी वाटतं, हा मेला रबर न लावता गेला असता तर एमिलने दोन दिवस घर डोक्यावर घेतलं असतं, आणि तिसऱ्या दिवशी संपलं असतं सगळं." त्यांनी हात पुढे केला. "दे माझं टपाल."

पुढच्या अकरा पेट्या डेल्मरने कशा भरल्या ते त्याला आठवत नव्हतं. बारावी त्याच्या घरची. त्याने पेटीचं झाकण उघडलं. सूचीपत्राचं रबर काढून मनगटावर चढवलं. मग पाकिटं बाहेर काढली, सूचीपत्र तळाला घातलं, त्याच्यावर एकतीसच्या एकतीस पाकिटं ठेवली, लाल अक्षरं वर. झाकण लावलं. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघायचा त्याला धीर झाला नाही. त्या दिवशी त्याने दोन घरांचं टपाल उलटसुलट टाकलं, आणि त्याच्या मार्गावर असं कधी झालं नव्हतं.

चार वाजता तो घरात शिरला. नदीन चष्मा लावून टेबलाशी बसली होती. पाकिटं सुरीने फोडून तिने गठ्ठे लावले होते. सूचीपत्राला हात लावलेला दिसत नव्हता.

"बस," ती म्हणाली. तो कोटासकट बसला.

"सगळी वाचली. तीस जणांच्या मते तुझी काही चूक नाही. एकच बाई म्हणते, कबूल करा." तिने चष्मा काढला. "किती घेतल्या होत्यास, डेल?"

दोन, हे त्याच्या जिभेवर तयार होतं. आठवडाभर तो मनाशी तेच म्हणत होता. दोन, आणि फार तर ऑर्वने आग्रह केला म्हणून आणखी एखादी.

"चार," तो म्हणाला. "आणि चौथी ऑर्व देत नव्हता. मी मागून घेतली."

बाहेर कुणाचं तरी बर्फ काढायचं यंत्र चाललं होतं. मग तिने वॅन एसनबाईंचं पत्र गठ्ठ्यातून काढलं आणि फोन पुढे ओढला. "सोमवारी दहावा दिवस आहे. हिला फोन कर, आणि हेच सांग."

"ते सांगायचं नसतं म्हणे."

"मला सांगितलंस ना? मग त्या बाईला काय घाबरायचं?"

त्याने नंबर लावायला घेतला आणि थांबला. त्याला काहीतरी खटकलं. पत्रं वाचून ही ओरडली नाही, रडली नाही, दहावा दिवस कधी तेही मोजून तयार. "नदीन, तुला आजच कळलं ना?"

"ऑर्वच्या बायकोने रविवारीच सांगितलं, चर्चमध्ये, केक कापता कापता."

"रविवारी? मग विचारलं का नाहीस?"

तिने दुखरा गुडघा टेबलाखाली सरळ केला आणि हाताने चोळला.

"टपालाची वाट बघत होते," ती म्हणाली.