पुन्हा सांग

आपण बोलत असावं आणि मधेच त्यांचं बोट वर व्हावं. डोळे मिटलेले, मान जराशी डावीकडे. “थांब. पुन्हा सांग.” आपण पुन्हा सांगितलं की बोट खाली यायचं. “आलं.”

महाराष्ट्र नवा होता तेव्हाची ही गोष्ट. बुलडाण्याच्या बिनतारी केंद्रावर ते ऑपरेटर होते, आणि शेजारच्या कचेरीत मी लस टोचणारा. सगळे त्यांना भाऊ म्हणत. चहा रोज बरोबर. हॉटेलात ते “दोन चहा, दोन चहा” असं डबल सांगायचे. एका नवख्या हॉटेलवाल्याने चार आणून ठेवले. मी भडकलो, तर भाऊ म्हणाले, “त्याची काय गलती? आपण डबल धाडलं, त्यानं डबल घेतलं.” आणि दोन कप निमूट प्यायले.

मुलीच्या सोयरिकीत तर कहरच केला. धाड गावचे पाहुणे म्हणाले, “पोरगी पसंत हाये.” बोट वर! “पुन्हा सांगा जी.” व्याही बिचारे गांगरले. यांना ऐकू येत नाही की आपलं स्थळ पसंत नाही? त्यांनी ओरडून सांगितलं. “आलं,” भाऊ म्हणाले, आणि लग्न ठरलं.

हसा तुम्ही, मीही हसायचो. पण त्यांचं काम पाहिलं असतं म्हणजे कळलं असतं. लहान ठोका, लांब ठोका, एवढ्यावर सगळी भाषा. त्यात लहरी नावाप्रमाणेच लहरी. ऐन शब्दात ठोके विरत जायचे आणि कानात नुसती खरखर उरायची. मी म्हणायचो, “गेला संदेश.”

“गेला नोको म्हणू बे. बुडाला. येईन वर.”

एका पावसाळ्यात जिल्ह्यात पटकीची साथ आली. डॉक्टरांचं पथक बिनतारी संच घेऊन गावोगाव फिरत होतं. कुठल्या गावात साथ भडकली, ते संदेश आला तरच कळायचं. मी लशीची पेटी मांडीवर घेऊन भाऊंच्या खोलीत बसलेलो, बाहेर जीप तयार. तिकडचा ऑपरेटर घाईत असला की इंग्रजी अक्षरांत मराठीच ठोकायचा. दुपारी भाऊंच्या कागदावर दोन शब्द उतरले, ‘लस धाड’, आणि पुढे खरखर.

“धाड गावाले साथ लागली!” मी उठलोच. भाऊंचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांची पोरगी तिथे दिलेली, आणि पोटुशी. तरी बोट वर गेलं.

“थांब.”

“काऊन थांबू? तुमची पोरगी हाये ना तिथं!”

“म्हणूनच थांब. माहा जीव तिथं हाये, म्हून मले गावच ऐकू येऊन राह्यलं. धाड म्हंजे पाठव बी होते. माह्या कानावर भरवसा नोको ठेवू.”

प्रत्येक शब्द दोनदा पाठव, असं त्यांनी ठोकून कळवलं. उत्तर येईना. जीपवाला भोंगा वाजवत होता, आणि मी मनातल्या मनात या हट्टी माणसाला शिव्या घालत होतो. भाऊंचं बोट तसंच वर होतं. मग खरखरीतून ठोके वर आले आणि पेन्सिल चालू लागली. लस लस. धाड धाड. साखरखेर्डा साखरखेर्डा.

“आलं,” ते म्हणाले. “पळ आता.”

धाड जिल्ह्याच्या एका टोकाला, साखरखेर्डा दुसऱ्या. साखरखेर्ड्याला पोचलो तेव्हा शाळेच्या ओसरीवर माणसं निजवलेली होती आणि डॉक्टर रस्त्याकडे डोळे लावून बसले होते. उरलेल्या गावाला आम्ही त्याच दिवशी टोचलं. पोटच्या पोरीच्या काळजीतही स्वतःच्या कानावर संशय घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

म्हातारपणी ते धाडला लेकीकडेच राहिले. शेवटच्या भेटीत ओळख लागत होती, सुटत होती. उठताना मी म्हटलं, “येतो, भाऊ.”

बोट सावकाश वर आलं. “पुन्हा सांग.”

“येतो.”

“आलं.”

त्यानंतर गेलो तो त्यांच्या तेरवीला. जेवण झालं, लेकीचा निरोप घेतला आणि उंबऱ्यात त्यांच्या फोटोकडे बघून म्हटलं, “येतो, भाऊ.” जरा थांबलो. मग पुन्हा सांगितलं.